छोट्या कामासाठी क्वार्टरसॉन लाकूड कसं शोधायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वार्टरसॉन फळी म्हणजे नेमकी कोणती?

फळीचं टोक समोर धरून आडव्या छेदाकडे बघा. वाढीची वलयं रुंद बाजूशी 60 ते 90 अंशांचा कोन करत असतील, म्हणजे जवळजवळ उभी असतील, तर ती क्वार्टरसॉन. 30 ते 60 अंशांत तिरपी असतील तर रिफ्टसॉन. त्याहून आडवी, रुंद बाजूला साधारण समांतर असतील तर फ्लॅटसॉन. काही विक्रेते 45 अंशांपासून पुढचं सगळं क्वार्टरसॉन म्हणून विकतात, त्यामुळे चिठ्ठीवर काय लिहिलंय यापेक्षा टोक काय दाखवतंय ते बघा.

एकाच रुंद फळीत हे प्रकार शेजारीशेजारी असू शकतात: मधे फ्लॅट आणि कडांना रिफ्ट किंवा क्वार्टर. छोटं काम करणाऱ्याच्या दृष्टीने हीच सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे. त्याला अख्खी फळी नको असते, हातभर लांब आणि चार बोटं रुंद तुकडा पुरतो. असा तुकडा साध्या, स्वस्त मालातही बहुतेक वेळा सापडतो, फक्त तो ओळखता यायला हवा.

फायदा खरंच किती होतो?

लाकूड ओलावा घेतं किंवा सोडतं तेव्हा वलयांच्या दिशेने जास्त हलतं आणि भेंडापासून (खोडाच्या अगदी मधल्या मऊ भागापासून) सालीकडे जाणाऱ्या दिशेने कमी. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत सागवान वलयांच्या दिशेने 5.8 टक्के आकसतं, भेंडाकडून सालीकडे 2.5 टक्के. व्हाइट ओकचे आकडे 10.5 आणि 5.6, अमेरिकन बीचचे 11.9 आणि 5.5. फ्लॅटसॉन फळीच्या रुंदीला पहिला आकडा लागू होतो, क्वार्टरसॉनच्या रुंदीला दुसरा.

हे आकसणं साधारण 30 टक्के ओलाव्याच्या खाली सुरू होतं. म्हणून आकड्याला 30 ने भागलं की दर 1 टक्का ओलाव्यामागे किती फरक पडेल ते कळतं. 200 मिमी रुंद व्हाइट ओकच्या फळीचा ओलावा ऋतूंनुसार 4 टक्क्यांनी बदलला, तर फ्लॅटसॉन फळी सुमारे 2.8 मिमी हलेल आणि क्वार्टरसॉन 1.5 मिमी. सागवानात तेच आकडे 1.5 आणि 0.7 मिमी. सरकत्या झाकणाच्या खाचेत मोकळीक किती ठेवायची, हे या हिशोबावरून ठरवता येतं.

दुसरा फायदा याहून मोठा: क्वार्टरसॉन फळी पन्हाळीसारखी वळत नाही. फ्लॅटसॉन फळीचा सालीकडचा पृष्ठभाग भेंडाकडच्या पृष्ठभागापेक्षा जास्त आकसतो, म्हणून ती वाळताना सालीच्या बाजूने खोलगट होते. उभ्या वलयांच्या फळीत दोन्ही पृष्ठभाग सारखेच आकसतात.

हा फायदा सगळ्या लाकडांत सारखा नसतो. महोगनीचे आकडे 4.1 आणि 3.0, ब्लॅक वॉलनटचे 7.8 आणि 5.5. दोन्हींत दिशेचा फरक मुळातच कमी आहे. केवळ स्थिरतेसाठी त्यात जादा पैसे घालायची गरज नाही. बीच, ओक आणि सागवानात मात्र शोधाशोधीचं चीज होतं.

कोणत्या कामांत याची गरज आहे आणि कोणत्या नाही?

8 मिमीपेक्षा पातळ कुठलाही सपाट भाग, डबीचं खाचेत सरकणारं झाकण, ड्रॉवरच्या बाजू, सरळपट्टी, गुण्याचा (काटकोन तपासण्याच्या हत्याराचा) दांडा, आरसा किंवा फोटोफ्रेमच्या पट्ट्या, तंतुवाद्याची तबली (तारांखालची पातळ फळी) या सगळ्यांत गरज आहे. तबलीसाठी स्प्रूस उभ्या वलयांचाच घेतात, कारण पातळ असूनही तो रुंदीत ताठ राहतो.

लेथवर फिरवायचे भाग, कोरीवकाम आणि चौकटीच्या खाचेत मोकळं बसणारं जाड पॅनल यांना गरज नाही. टेबलाच्या पायांना वेगळंच लाकूड लागतं, त्याबद्दल पुढे आहे.

हा माल सहज का मिळत नाही?

ओंडका एका बाजूने सलग चिरत गेलं की काम भराभर होतं आणि फळ्या रुंद निघतात. क्वार्टरसॉनसाठी ओंडक्याचे आधी चार भाग करावे लागतात आणि प्रत्येक भाग वारंवार फिरवून चिरावा लागतो. फळ्या अरुंद निघतात, पाचरीसारखे तुकडे वाया जातात आणि ओंडका मुळात मोठा लागतो. 30 सेंमी व्यासाच्या ओंडक्याची त्रिज्या 15 सेंमी. त्यातून भेंडाजवळचे 2 आणि सालीकडचे 3 सेंमी वजा केले की जेमतेम 10 सेंमी रुंदीची फळी उरते. शिवाय अशी फळी फ्लॅटसॉनपेक्षा सावकाश वाळते, म्हणून वखारीत तिची जागाही जास्त दिवस अडते. मोठ्या टेबलाच्या कामात ही अडचण खरी आहे. 80 मिमी रुंदीच्या डबीला तिचा काहीच त्रास नाही.

थप्पीतून तुकडा कसा ओळखायचा?

आधी लांबून फक्त टोकं बघा. ज्या फळीत कुठेही वलयं उभी होताना दिसतील ती बाहेर काढा. मग रुंद बाजू पाहा. डोंगरासारखी चढत गेलेली किंवा लंबगोल नक्षी दिसली तर तेवढा भाग फ्लॅटसॉन. समांतर सरळ रेषा दिसल्या तर क्वार्टर किंवा रिफ्ट, पण यांतलं नेमकं कोणतं ते रुंद बाजूवरून कळत नाही. इथेच बरेच जण फसतात. त्यासाठी पुन्हा टोकाकडे यावं लागतं.

टोक खडबडीत आणि काळपट असेल तर धारदार पटाशीने किंवा छोट्या रंध्याने दोन-तीन सेंमी जागा साफ करून पाण्याचं बोट फिरवा, वलयं उठून दिसतात. आधी विचारल्याशिवाय दुकानातल्या मालावर पटाशी चालवू नका. 80 नंबरचा पॉलिशपेपर लाकडाच्या ठोकळ्यावर गुंडाळून नेलात तर सहसा कोणाची हरकत नसते. कोन मोजायला साधा प्लॅस्टिकचा कोनमापक पुरेसा आहे.

दोन्ही टोकं तपासा. एका टोकाला 80 अंश आणि दुसऱ्याला 50, असं असेल तर झाड वाकडं किंवा पिळाचं होतं. अशा लांब फळीतला चांगल्या टोकाकडचा अर्धाच भाग घ्या. कडेच्या अरुंद बाजूवरही नजर टाका. तिथे तंतू फळीच्या लांबीला तिरपे जाऊन पृष्ठभागातून बाहेर पडत असतील, तर कोन कितीही चांगला असला तरी पातळ पट्टी त्या रेषेवर मोडेल.

टोकाला मेण किंवा रंग लावलेला आहे. मग?

टोकापासून 10–15 मिमी कापून दाखवायला सांगा. तेवढा भाग तसाही भेगांमुळे टाकून द्यावा लागतो. कापू देत नसतील तर कडेची अरुंद बाजू पाहा. रुंद बाजूवर सरळ रेषा आणि कडेवर लंबगोल नक्षी असेल तर फळी बहुधा क्वार्टरसॉन. दोन्हीकडे सरळ रेषा असतील तर रिफ्ट.

या लाकडात वलयं दिसतच नाहीत. काय करायचं?

उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच लाकडांत वलयं पुसट असतात. रंगाच्या पट्ट्यांना वलयं समजू नका. शिसवीसारख्या लाकडात गडद पट्टे वलयांना सोडून भलतीकडेच वळतात. अशा वेळी मज्जाकिरण शोधा. टोक पटाशीने अगदी गुळगुळीत तासा आणि 10 पट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून बघा. भेंडाकडून सालीकडे जाणाऱ्या बारीक फिकट रेषा दिसतील. या रेषा फळीच्या रुंद बाजूला समांतर असतील तर फळी क्वार्टरसॉन आहे.

साधी जाड फ्लॅटसॉन फळी घेऊन त्यातून काढता येतं का?

हो, आणि छोट्या कामासाठी आमच्या मते हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. 50 मिमी जाडीची फ्लॅटसॉन फळी घ्या. तिच्या कडेवरून पातळ पट्ट्या उभ्या चिरा आणि प्रत्येक पट्टी 90 अंशांत आडवी करा. जी वलयं आडवी होती ती आता उभी झाली. पट्टीची रुंदी फळीच्या जाडीएवढी, म्हणजे रंधा मारून साधारण 47 मिमी मिळते. जाडी तुम्हाला हवी तेवढी ठेवता येते.

पण फळीच्या सगळ्या रुंदीतून क्वार्टरसॉन पट्ट्या निघत नाहीत. मधल्या पट्ट्यांत वलयं बरोबर उभी येतात. कडेकडे मूळ वलयं तिरपी असतात, त्यामुळे तिथल्या पट्ट्या रिफ्ट होतात. मर्यादा काढायची रीत सोपी आहे. टोकाच्या छेदावर दोन-तीन ठिकाणी वलयांना काटकोनात रेषा ओढा. त्या फळीबाहेर जिथे एकत्र येतात तिथे भेंड होतं. तिथून फळीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून 0.58 ने गुणा. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना तेवढ्या अंतरातलं लाकूड 60 अंशांच्या वर राहील. भेंड 150 मिमी दूर असेल तर मध्यापासून दोन्हीकडे सुमारे 85 मिमी. म्हणजे 200 मिमीच्या फळीत फक्त कडेचे 15–15 मिमी सोडायचे. भेंड 60 मिमीवरच असेल तर दोन्हीकडे जेमतेम 35 मिमी मिळतील. म्हणून या कामासाठी थप्पीतली अशी फळी निवडा जिची वलयं जवळजवळ सपाट दिसतात, म्हणजे मोठ्या ओंडक्याच्या बाहेरच्या भागातली.

कापण्याचा क्रम असा ठेवा. पहिल्यांदा फळी कामाच्या लांबीपेक्षा 50 मिमी जास्त ठेवून आडवी कापा. आखूड तुकड्यात बाक कमी असतो आणि रंध्यात लाकूड कमी वाया जातं. मग एक रुंद बाजू आणि तिला काटकोनात एक कड रंधून सरळ करा. रुंद बाजू बँड सॉच्या (पट्ट्यासारखं पातं फिरणाऱ्या करवतीच्या) टेबलावर ठेवा, कड फेन्सला, म्हणजे कापाला दिशा देणाऱ्या सरळ पट्टीला लावा आणि पट्ट्या चिरा. कापाची उंची फक्त 50 मिमी असल्याने लहानसा बँड सॉही चालतो. 6 मिमीची तयार पट्टी हवी असेल तर 8 मिमीची कापा. दर दोन कापांनंतर कड पुन्हा एकदा रंधून घ्या. पट्ट्या निघतील त्या क्रमाने क्रमांक टाका.

टेबल सॉवर (टेबलातून गोल पातं वर आलेल्या करवतीवर) हे करायचं असेल तर पातळ पट्टी फेन्स आणि पात्याच्या मधे येऊ देऊ नका. ती अडकून मागे उसळते. पट्टी पात्याच्या मोकळ्या बाजूला पडेल अशी मांडणी करा आणि फळी ढकलायला पुश ब्लॉक वापरा. शिवाय तिथला काप 3 मिमीचा असतो, बँड सॉचा साधारण 1.2.

मग किती लाकूड लागेल?

वरच्या उदाहरणात उपयोगी रुंदी 170 मिमी आहे. 8 मिमीची पट्टी आणि 1.2 मिमीचा काप मिळून 9.2. म्हणजे कागदावर 18 पट्ट्या, आणि अधूनमधून कड रंधण्यात जाणारं लाकूड धरलं तर 15–16. प्रत्येकी 47 मिमी रुंद. लागोपाठच्या दोन पट्ट्या पुस्तकासारख्या उघडून कडेला कड चिकटवल्या की सुमारे 92 मिमीचं पॅनल होतं, आणि सरळ रेषांमुळे जोड शोधावा लागतो. एक झाकण, एक तळ आणि चार बाजू अशा डबीला 12 पट्ट्या लागतील. दोन-तीन जास्तीच्या ठेवा, कारण गाठीजवळची एखादी पट्टी नक्की वाया जाते.

रुंद फळीच्या मधोमध भेंड दिसतंय. ती घ्यावी का?

बाकीचे लोक हीच फळी बाजूला सारतात, म्हणून ती कमी दरात मिळू शकते. ओंडक्याच्या बरोबर मधून निघालेल्या फळीच्या दोन्ही कडा क्वार्टरसॉन असतात. भेंड आणि त्याच्या दोन्हीकडचं किमान 25 मिमी लाकूड चिरून टाका. तिथलं लाकूड कोवळ्या वयातलं असतं, ते लांबीतही आकसतं आणि पट्टी धनुष्यासारखी ओढतं. 250 मिमी फळीतून असे 100 मिमीचे दोन तुकडे मिळतात. त्यांतून सालीलगतचं फिकट लाकूड वजा करा.

भेंड फळीत नसून थोडं वर किंवा खाली असेल तर त्याचं फळीच्या मध्यापासूनचं अंतर मोजा आणि त्याच्या पावणेदोनपट अंतर मधून बाजूला मोजा. त्याच्या पलीकडचं लाकूड क्वार्टरसॉन. भेंड 30 मिमी दूर असेल तर मधून साधारण 52 मिमी सोडून पुढे.

बांधकामातल्या जुन्या रुंद तुळयांतही बऱ्याचदा भेंड मधोमध असतं. त्यांच्या कडा तपासण्यासारख्या असतात. करवत लावण्याआधी मेटल डिटेक्टरने खिळे शोधा, कारण आत मोडलेला खिळा डोळ्यांना दिसत नाही.

टेबलाच्या किंवा स्टुलाच्या पायांसाठी काय?

तिथे रिफ्ट हवं. चौकोनी पायाच्या छेदात वलयं कर्णाच्या दिशेने, 45 अंशांत असतील तर चारही बाजूंना सरळ रेषा दिसतात. क्वार्टरसॉनचा पाय घेतला तर दोन बाजू सरळ आणि दोन बाजू डोंगरी नक्षीच्या निघतात. जाड फळीच्या कडेकडचा जो भाग वरच्या कामात बाजूला पडला तो इथे वापरा.

सरपणाच्या ओंडक्यातून स्वतः काढता येईल का?

काढता येतं, आणि तंतूंच्या दिशेबाबत सॉ मिलच्या फळीपेक्षा ते सरस असतं, कारण फोडलेलं लाकूड तंतूंच्या बाजूनेच फुटतं. ओंडका सरळ सालीचा, गाठी नसलेला, किमान 25–30 सेंमी व्यासाचा घ्या. सालीच्या रेषा गोल फिरत वर जात असतील तर तो सोडून द्या. आत पीळ आहे.

लांबी कामापेक्षा 100 मिमी जास्त ठेवा, टोकं तडकणारच. भेंडातून जाणाऱ्या तड्याच्या रेषेत पाचर ठोकून अर्धा करा, मग पाव, मग आठवा भाग. प्रत्येक फाट भेंडातूनच गेली पाहिजे. त्याच दिवशी टोकांना मेण किंवा जाड रंग लावा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आठव्या भागाची एक फुटलेली बाजू रंधून सपाट करा आणि तिला समांतर फळी चिरा. ही पहिली फळी उत्तम असते. त्याच बाजूने पुढे चिरत गेलात तर कोन घसरतो: 12 मिमी आत सरकल्यावर भेंडापासून 100 मिमीवर सुमारे 7 अंश, 50 मिमीवर 14 अंश. म्हणून एक फळी एका फुटलेल्या बाजूने आणि दुसरी समोरच्या बाजूने घ्या.

जाडीत सढळ राहा. क्वार्टरसॉन फळी रुंदीत कमी आकसते, पण जाडीत जास्त. 10 मिमी हवी असेल तर ओल्या लाकडात 14 मिमी कापा. मधे सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून थर लावा, वर वजन ठेवा आणि सावलीत वारा लागेल असं ठेवा. दर पंधरा दिवसांनी एक तुकडा वजन करून आकडा त्याच्यावरच लिहा. वजन उतरायचं थांबलं की तो त्या जागेच्या हवेइतका वाळला.

ऑनलाइन मागवताना काय विचारावं?

दोन्ही टोकांचे स्वच्छ फोटो मागा, ओले करून काढलेले. रुंद बाजूचा फोटो कितीही सुंदर असला तरी त्यावरून निर्णय घेऊ नका. ओलावा किती आहे तेही विचारा. तंतुवाद्यांसाठी लाकूड विकणाऱ्यांकडे नाकारलेल्या तबल्यांचे आणि मानेच्या तुकड्यांचे उरलेले भाग असतात. रंगाच्या डागामुळे किंवा छोट्या गाठीमुळे ते वाद्याला चालत नाहीत, पण डबीला सुरेख होतात.

पट्ट्या चिरताच वाकल्या. लाकूड खराब आहे का?

बहुधा नाही. जाड फळीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा ओला असतो. चिरल्यावर तो उघडा पडून वाळतो आणि पट्टी ओढली जाते. चिरल्यानंतर लगेच तयार मापाला रंधू नका. एक-दोन आठवडे थरात, वजनाखाली ठेवा. मग दोन्ही बाजूंनी सारखंच लाकूड काढा. एकाच बाजूने 2 मिमी काढलं तर पट्टी पुन्हा वाकते. करवत चालू असतानाच काप आवळला जात असेल किंवा उगाच फाकत असेल, तर भट्टीत घाईने वाळवल्याने लाकडात ताण राहिला आहे. त्या फळीतून पातळ काम काढू नका.

क्वार्टरसॉन आणि फ्लॅटसॉन पट्ट्या एकाच पॅनलमध्ये चिकटवल्या तर चालेल का?

टाळा. क्वार्टरसॉन पट्टी जाडीत जास्त हलते, फ्लॅटसॉन कमी. चिकटवून गुळगुळीत केलेल्या पॅनलवर ऋतू बदलला की जोडाच्या रेषेवर बोटाला लागणारी पायरी उठते. चमकदार पॉलिशखाली ती डोळ्यांनाही दिसते.

ओकवर दिसणारे चमकदार ठिपके माझ्या तुकड्यात का नाहीत?

ते मज्जाकिरणांचे पापुद्रे असतात. फळीचा पृष्ठभाग किरणांना समांतर असेल तरच ते रुंद दिसतात, म्हणजे 85 ते 90 अंशांत. 65 अंशांची फळी स्थिरतेला क्वार्टरसॉनच, पण तिच्यात ठिपके बारीक रेघांसारखे होतात. पट्टी जाड असेल तर एक कड किंचित जास्त रंधून पृष्ठभाग किरणांच्या दिशेला आणता येतो, दोन-चार अंशांनीही फरक दिसतो. ओक, बीच, प्लेन वृक्ष आणि सिल्व्हर ओकमध्ये किरण मोठे असतात. सागवानात किंवा वॉलनटमध्ये ही नक्षी शोधत बसू नका.

रंधा मारताना पृष्ठभाग उचकटतो. काय चुकतंय?

महोगनी, सापेली अशा लाकडांत तंतू आलटूनपालटून उलटसुलट वळलेले असतात. क्वार्टरसॉन बाजूवर याच्याच फितीसारख्या पट्ट्या दिसतात, आणि त्यामुळे कुठल्याही दिशेने रंधलं तरी निम्म्या पट्ट्या उलट्या लागतात. पातं नुकतंच धार लावलेलं हवं आणि त्यावरची चिपब्रेकरची पट्टी धारेपासून 0.1 ते 0.2 मिमीवर आणून कागदापेक्षा पातळ साल काढा. मशिनवर शेवटचा 0.5 मिमी सोडून द्या आणि तो स्क्रेपरने (खरवडायच्या पातळ पोलादी पत्र्याने) उतरवा.